आधी आवाज ऐक

चि. ईशा हिस,


तू पाठवलेले नेरुदाच्या कवितांचे मराठी अनुवाद वाचले. सोबत तू दोन शंका विचारल्या आहेस. स्पॅनिश अजून कच्चं असताना इंग्रजीवरून अनुवाद केला तर चालेल का, आणि दुसऱ्यांच्या कविता मराठीत आणत बसलीस तर तुझी स्वतःची कविता आटेल का. दोन्हींबद्दल मला जे सांगायचंय ते अलास्टर रीडच्या आयुष्याला धरूनच सांगते. तू जे इंग्रजी पुढ्यात ठेवून बसली आहेस ते त्याचं आहे, आणि तुझ्या वहीत त्याचं नाव कुठेही नाही. ते आधी लिही. पहिल्याच पानावर, नेरुदाच्या नावाखाली.

रीड 1926 साली स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला, व्हिटहॉर्न नावाच्या गावात जन्मला. वडील धर्मोपदेशक, आई डॉक्टर. महायुद्धात आरमारात नोकरी, मग सेंट अँड्र्यूज विद्यापीठात ग्रीक-लॅटिनचं शिक्षण, मग अमेरिकेत अध्यापन. यात स्पॅनिश कुठेच नाही. ती त्याला भेटली पन्नासच्या दशकात, मायोर्का बेटावर आणि स्पेनमध्ये राहू लागल्यावर. त्याने ती वर्गात बसून मिळवली नाही. लोकांमध्ये राहून, त्यांचं बोलणं कानावर घेत मिळवली. परकी भाषा शिकताना माणूस पुन्हा लहान होतो, बोलू पाहतो आणि अडखळतो. रीडने हे परकेपण आयुष्यभर आपणहून पत्करलं, त्यावर फार सुंदर निबंध लिहिले. तुला परीक्षेत गुण चांगले आहेत, पण स्पॅनिशमध्ये कुणाशी भांडता येतं का, कुणाला समजावता येतं का? तिथवर गेल्याशिवाय नेरुदाची थट्टा कुठली आणि व्याकूळता कुठली, हे तुला कळणार नाही. आणि तो एकाच कवितेत दोन्ही करतो.

म्हणून पहिल्या शंकेचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. इंग्रजी शेजारी असू दे, पण आधार मूळ कवितेचाच हवा. नेरुदाच्या ‘इस्ला नेग्रा’ची द्विभाषिक आवृत्ती मिळव. नेरुदाने साठी गाठली त्या 1964 साली मूळ पुस्तक आलं, रीडचं इंग्रजी 1981 साली. समोरासमोरची पानं मोठ्याने वाच, आधी स्पॅनिश, मग इंग्रजी, आणि नेरुदा श्वास कुठे घेतो, रीड कुठे घेतो, ते पाहा. मी एकेक कविता अशी वाचत गेले तेव्हा मला रीडचा मोठेपणा कळला. नेरुदाने त्याला कविता स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून दिल्या होत्या आणि तो त्या पुन्हा पुन्हा ऐकत असे. कवीचा आवाज कानात बसल्याशिवाय त्याचे शब्द हाताशी येत नाहीत, ही त्याची श्रद्धा होती. नेरुदाची ध्वनिमुद्रणं आज तुला घरबसल्या ऐकता येतात. तो संथ, ओढून धरलेला सूर एकदा ऐकलास की तुझ्या अनुवादातल्या कितीतरी ओळी घाईत आहेत हे मी सांगायला नको.

आणि तोच माणूस बोर्हेसचाही अनुवादक होता, हे विसरू नको. नेरुदा कम्युनिस्ट, समुद्राकाठी घर बांधून शंखशिंपले जमवणारा, 1971 साली नोबेल मिळालेला, 1973 साली चिलीत लष्कराने सत्ता बळकावल्यावर बाराव्या दिवशी वारलेला. बोर्हेस ब्वेनोस आयरेसचा ग्रंथपाल, आजीमुळे लहानपणापासून इंग्रजीत वाढलेला, राजकारणात अगदी विरुद्ध टोकाचा. दृष्टी गेल्यावर बोर्हेस पुन्हा छंद आणि यमकाकडे वळला, कारण बांधीव ओळ मनातल्या मनात रचून सांभाळता येते. रीडने दोघांनाही स्वतःचा स्वर दिला नाही, त्यांचा स्वर त्यांच्यापाशी राहू दिला. हे मला त्याचं सर्वांत मोठं काम वाटतं. बोर्हेसकडे वळशील तेव्हा मुक्तछंदाचा सोपा रस्ता धरू नको. केशवसुतांपासून मराठीत सुनीत आहे, त्यासाठी शार्दूलविक्रीडित कसून वापरलं गेलं आहे. ते गिरव, मग बोर्हेसच्या सुनीतांना हात लाव.

एक गोष्ट मात्र रीडची घ्यायची नाही. तो ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात स्पेनवर वार्तापत्रं लिहायचा. त्यांत त्याने माणसं एकात एक मिसळली, प्रसंगांच्या जागा बदलल्या, हे 1984 साली उघड झालं आणि मोठा गदारोळ उठला. असं केल्याने मोठं सत्य सांगता येतं, असं त्याचं म्हणणं होतं. मला ते पटत नाही. ज्याला बातमी म्हणून हातात दिलं, त्याचा विश्वास आपण मोडू शकत नाही. अनुवादातही हेच लागू आहे. नेरुदाने रीडला सांगितलं होतं की माझ्या कवितांचा नुसता अनुवाद करू नको, त्या सुधार. ती कवीने मित्राला दिलेली मुभा होती. तुला ती कुणी दिलेली नाही. तिसऱ्या कवितेतलं एक अख्खं कडवं तू गाळलं आहेस. ते परत घाल.

आता तुझी दुसरी शंका, जिच्यापाशी तू रात्री जागत असशील. 1978 च्या ‘वेदरिंग’ या संग्रहात रीडने स्वतःच्या कविता आणि अनुवाद एकत्र छापले, आणि छंदोबद्ध कवितेचा जवळजवळ निरोपच घेतला. पुढे गद्य आणि अनुवाद. त्याची कविता अनुवादाने खाल्ली का? मी असं म्हणणार नाही. तो जायचा तिथे जात होता, आणि बरीच वर्षं कविता लिहून झाल्यावर त्याने हे ठरवलं. तू अजून बाविशीची आहेस. तुझ्या कवितेला निरोप देण्याइतकी ती अजून तुझ्याकडे आलेलीच नाही. म्हणून सकाळ स्वतःच्या कवितेला दे, अनुवाद संध्याकाळी कर. अनुवादाचं काम ताब्यात राहतं, कारण कविता आधीच कुणीतरी लिहून ठेवलेली असते. म्हणूनच ते आपला सगळा वेळ गिळून बसतं, आणि आपल्याला वाटत राहतं की लिहिणं चाललंय.

पुढच्या वेळी तीनच कविता पाठव, स्पॅनिश मूळ शेजारी लिहून, आणि दोन्ही तुझ्या आवाजात वाचलेल्या. नाट्यगृहाच्या जिन्यावरची तुझी जी कविता गेल्या दिवाळीत अर्धी राहिली होती, तीही पाठव. नेरुदा थांबेल, पण ती मला आधी हवी आहे.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी