जुन्या संगणकाची डागडुजी

खामगाव, चिखली यांसारख्या गावी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक अद्याप काही घरी आढळतो. तो सुरू होईपर्यंत चहा निवतो, आणि मंडळी कापूस विकला की नवा घेण्याची भाषा बोलू लागतात. घाई करू नये. वऱ्हाडात उन्हाळ्याचा पारा चाळीस अंशांपुढे जातो. पंख्यात धूळ साचली असल्यास प्रोसेसर तापतो व आपला वेग आपणच कमी करतो. म्हणून प्रथम धूळ झाडावी. हा उपाय फुकटचा, म्हणूनच बहुधा राहून जातो.

जुन्या हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारे टोक माहिती शोधीत तिच्यावरून मागेपुढे सरकते. एसएसडीत फिरणारा एकही भाग नसतो. तेव्हा पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर ते बहुधा तिच्यावरच घालावेत. मात्र त्यापूर्वी छायाचित्रे व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. रॅम ४ जीबीवरून ८ जीबी केल्यानेही फरक पडतो; पण डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ ची पट्टी बसत नाही.

एक अडचण मात्र अशी सुटत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, आणि विंडोज ११ अनेक जुने प्रोसेसर स्वीकारीत नाही. अशा यंत्रावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालता येते. मदरबोर्ड बदलावयाचा, तर प्रोसेसर व रॅमही बहुधा नवी घ्यावी लागते. मग जुने असे पत्र्याचे खोकेच उरते.