थंडीत ट्रकचे ब्रेक गोठले तर

सफरचंद भरायला हिवाळ्यात सोपोरला ट्रक पाठविणाऱ्या बंधूंनी ध्यानात ठेवावे की, काश्मिरात रात्री पारा शून्याखाली उतरतो. हवेच्या टाकीत साठलेले पाणी ब्रेकच्या नळीत गोठते. म्हणून रोज संध्याकाळी टाकीचा कॉक उघडून ते काढावे. ओले लायनर ड्रमला चिकटतात. मुक्कामापूर्वी हलके ब्रेक दाबत थोडे चालविले की ते सुकतात. मग सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडून ठेवावा.

सकाळी चाक जाम झाल्यास काहीजण खाली जाळ करतात. रबरी नळ्या, डिझेलची टाकी तिथेच असते. हे जिवावरचे काम आहे! गरम पाणीही नको, ते पुन्हा गोठते. ठोकळे तसेच ठेवून ड्रमवर हातोडीचे हलके ठोके मारावेत. माल उतरवायची कितीही घाई असो, हवेचा काटा पूर्ण चढल्याशिवाय आणि ब्रेक तपासल्याशिवाय बनिहालचा उतार धरू नये.