सहा पत्त्यांचे बेट

पावसामुळे बाहेर जाता येत नसेल, तर पत्त्यांचा एक कॅट काढून बसा. आज आपण जो खेळ खेळणार आहोत तो एकट्यालाही खेळता येतो आणि दोघांनाही. खेळताना डोके अजिबात चालवावे लागत नाही. ते चालवायचे डाव संपल्यावर.

समजा, समुद्रात एक लहानसे बेट आहे. तेथील गवत जेमतेम सहा प्राण्यांना पुरते. त्यांपैकी तीन तांबडे आहेत, तीन काळे. रंगाखेरीज त्यांच्यात काहीही फरक नाही. तांबडा अधिक चपळ नाही, काळा अधिक काटक नाही. कॅटमधून तीन तांबडे आणि तीन काळे पत्ते घ्या. हे झाले तुमचे बेट. उरलेल्या पत्त्यांचे रंगाप्रमाणे दोन गठ्ठे करून बाजूला ठेवा. येथे एक्का आणि दुर्री यांना सारखीच किंमत आहे.

आता खेळी अशी. सहा पत्ते चांगले पिसा आणि न पाहता एक ओढा. या प्राण्याला पिल्लू झाले. त्याचा रंग लक्षात ठेवून पत्ता परत मिसळा. पुन्हा पिसा, पुन्हा एक ओढा. हा प्राणी मेला. त्याला त्याच्या रंगाच्या गठ्ठ्यात टाका. मोकळ्या झालेल्या जागेवर पिल्लू येईल. ते आईच्याच रंगाचे, म्हणून तसा एक पत्ता गठ्ठ्यातून घ्या. बेटावर पुन्हा सहा प्राणी झाले. वहीत तांबड्यांची संख्या लिहा आणि पुढची खेळी करा.

पहिल्या खेळीत काहीच न बदलण्याची शक्यता निम्मी आहे, म्हणून सुरुवातीला खेळ कंटाळवाणा वाटेल. धीर धरा. वहीतील आकडे ३, ३, ४, ३, २, २ असे डुलू लागतील आणि केव्हातरी ० किंवा ६ वर जाऊन थांबतील. थांबतील म्हणजे कायमचेच. सहाही पत्ते काळे झाले की तांबडे पिल्लू जन्माला घालणार कोण?

हे व्हायला सरासरी २२ खेळ्या लागतात. हा आकडा गणिताने काढता येतो. तुमचा एखादा डाव दहा खेळ्यांत संपेल, एखादा पन्नासही घेईल. परंतु आज ना उद्या तो संपतोच.

माझ्या मुलीने पहिल्या डावात तांबडे जिंकलेले पाहिले आणि लगेच म्हणाली, "बाबा, तांबडे जास्त बळकट असणार!" मी तिला आणखी चार डाव मांडायला लावले. तिचा दोष नव्हता. एखादी जात टिकली किंवा एखादा रंग नाहीसा झाला, की आपण कारण शोधू लागतो. पुष्कळदा ते असतेही. नैसर्गिक निवड खोटी नव्हे. पण आपल्या बेटावर निवड करणारे कोणीच नव्हते. होता तो फक्त योगायोग. याला शास्त्रज्ञ 'जेनेटिक ड्रिफ्ट' म्हणतात. जनुकांचे वाहवत जाणे, असे आपण म्हणू.

आता सहा तांबडे आणि सहा काळे, असे बारा पत्ते घ्या. डाव दुप्पट लांबेल असे वाटते ना? प्रत्यक्षात सरासरी ९४ खेळ्या लागतात, म्हणजे चौपटीहून थोड्या अधिक. संख्या वाढली की योगायोगाचा जोर झपाट्याने ओसरतो. आम्हा भौतिकीवाल्यांना हे ओळखीचे आहे. डब्यातील हवेचा प्रत्येक रेणू मनमानी धावतो, तरी हवेचा दाब स्थिर राहतो. कारण रेणूंची संख्या अफाट असते. डब्यात सहाच रेणू असते तर दाबाचा नेम राहिला नसता.

खऱ्या प्राण्यांत असे घडते का? पीटर ब्युरी या संशोधकाने १९५६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. त्याने फळमाशीच्या १०७ वेगवेगळ्या वसाहती पाळल्या. प्रत्येक पिढीतून न निवडता ८ नर आणि ८ माद्या घ्यायच्या आणि त्यांच्यापासून पुढची पिढी वाढवायची. डोळ्यांच्या रंगाच्या एका जनुकाची दोन रूपे आरंभी निम्मी-निम्मी होती. १९ पिढ्यांनंतर ३० वसाहतींतून एक रूप पार नाहीसे झाले होते आणि २८ वसाहतींतून दुसरे. तुमच्या वहीतील तांबड्या-काळ्या विजयांची यादी अशीच दिसेल.

दोघे असाल तर दोन बेटे मांडा. प्रत्येकाचे तीन तांबडे, तीन काळे. दर सहा खेळ्यांनंतर एकमेकांचा एक पत्ता न पाहता ओढून अदलाबदल करा. आता एखादे बेट एकरंगी झाले तरी निराश व्हायला नको. शेजारी दुसरा रंग शिल्लक असेल, तर पुढच्या एखाद्या अदलाबदलीत तो परत येऊ शकतो. दोन्ही बेटे एकाच रंगाची झाली तरच डाव संपला.

ही अदलाबदल अमेरिकेत प्रत्यक्ष करावी लागली. फ्लॉरिडाच्या दलदलीत प्यूमा हा मोठा मार्जारवंशीय प्राणी राहतो. तेथे त्याला पँथर म्हणतात. एकेकाळी त्याचा टेक्सासच्या प्यूमांशी संबंध येत असे. शिकार आणि वस्ती यांमुळे तो तुटला आणि १९९० च्या सुमारास फ्लॉरिडात जेमतेम वीस-तीस प्रौढ प्यूमा उरले. आपापसांतच पिल्ले होऊ लागली. शेपट्यांची टोके वाकडी दिसू लागली. हे चालले असते, पण हृदयाचे दोष आणि नरांतील वंध्यत्वही वाढले. योगायोग रंग पाहत नाही, तसा गुणदोषही पाहत नाही. लहान बेटावर सदोष जनुकही सहाच्या सहा जागा बळकावू शकते.

१९९५ साली टेक्सासमधून आठ माद्या आणून तेथे सोडल्या. त्यांपैकी पाचांनाच पिल्ले झाली. पण पाच पत्ते पुरले! पुढच्या पिढ्यांत वाकड्या शेपट्या आणि हृदयाचे दोष कमी झाले, आणि काही वर्षांत प्यूमांची संख्या सुमारे तिप्पट झाली.

आता तुमच्यासाठी एक काम. सहा पत्त्यांच्या बेटावर पाच काळे आणि एकच तांबडा ठेवून डाव मांडा. असे निदान अठरा डाव खेळा. दोघे असाल तर नऊ-नऊ वाटून घ्या. तो एकटा तांबडा किती वेळा सगळे बेट व्यापतो ते मोजा. मग बारा पत्त्यांत एक तांबडा ठेवला तर काय होईल, हे खेळण्याआधीच सांगता येते का पाहा.