वचन, आकडा आणि कायदा

नाशिकजवळ एकलहरे येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. तेथील २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने तासभर चालला, तर २,१०,००० युनिट वीज निर्माण होते. कोळशापासून एक युनिट वीज मिळवताना साधारणपणे एक किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. म्हणजे तासाला सुमारे २१० टन! हा वायू निफाडच्या द्राक्षबागांवरच रेंगाळत नाही. तो साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो. म्हणून त्याला आळा घालण्याचे वचन सर्व देशांनी द्यावे लागते. पण असे वचन त्या देशाच्या सरकारवर कायद्याने बंधनकारक असते काय?

करारापासून कायद्यापर्यंत

परदेशात करारावर सही झाली, म्हणजे आपल्या देशात लगेच कायदा झाला असे नाही. असे करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार आपल्या संविधानाच्या २५३ व्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे. १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे पर्यावरण परिषद झाली. तेथील निर्णयांचा आधार घेऊन आपल्या संसदेने १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा केला.

ओझोनचे उदाहरण तर फारच बोलके आहे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. २००० साली, वर सांगितलेल्या १९८६ च्या कायद्याखाली नियम झाले. कोणता पदार्थ, किती आणि केव्हापर्यंत, हे त्यांत ठरवून दिले होते. दम्याच्या औषधासारखे मोजके अपवाद सोडता २०१० पासून आपल्याकडे क्लोरोफ्लुरोकार्बनचा वापर थांबला. वचनाचा कायदा झाला आणि तो पाळलाही गेला.

सैल गाठ

कार्बन डाय-ऑक्साइडची गोष्ट इतकी सोपी नाही, कारण तो शीतकपाटातील एखाद्या वायूसारखा बदलता येत नाही. वीज, पोलाद, सिमेंट, वाहने या सर्वांशी तो जोडलेला आहे. १९९७ च्या क्योटो करारात प्रगत देशांवर आकड्यांचे बंधन घातले गेले. अमेरिकेने त्याला मान्यताच दिली नाही आणि कॅनडाने २०११ मध्ये माघार जाहीर केली. म्हणून २०१५ च्या पॅरिस करारात गाठ थोडी सैल ठेवण्यात आली. दर पाच वर्षांनी आपले उद्दिष्ट सादर करणे, त्यासाठी उपाय योजणे आणि हिशेब देणे बंधनकारक आहे. परंतु उद्दिष्टाचा आकडा गाठणे मात्र नाही.

आकडा नीट वाचू या

भारताने २०२२ मध्ये सादर केलेली दोन उद्दिष्टे पाहा. पहिले : देशाच्या उत्पन्नातील प्रत्येक रुपयामागे होणारे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्के कमी करणे. समजा, या काळात उत्पन्न तिप्पट झाले. तर एकूण उत्सर्जन ३ × ०.५५ = १.६५ पट होईल. म्हणजे वचन पाळूनही एकूण उत्सर्जन वाढू शकते! यात लबाडी नाही. आपले दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन आहे, तर अमेरिकेचे १४ टनांच्या आसपास.

दुसरे : विजेच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांखेरीज इतर साधनांची असणे. हा टप्पा २०२५ मध्येच गाठला गेला. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प रात्री शून्यावर असतो. वर्षाची सरासरी काढली, तर तो २० मेगावॉटच्या आसपास भरतो.

जाब कोणी विचारायचा?

ब्रिटनने २००८ मध्ये कायदा करून उत्सर्जनाची मर्यादा थेट मंत्र्यावर बंधनकारक केली. २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने सरकारच्या योजनेतील तपशील अपुरा ठरवून नवा अहवाल मागवला. आपल्याकडे २०२२ मध्येच ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. मोठ्या ऊर्जाग्राहकांनी ठरावीक वाटा अजीवाश्म साधनांतून घ्यावा, असे बंधन आता घालता येते आणि ते मोडल्यास दंड होतो. मात्र हे बंधन कारखान्यांवर आणि वीज कंपन्यांवर आहे, देशाच्या आकड्यासाठी सरकारवर नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजमुळे आपल्याला माहीत असलेल्या माळढोक पक्ष्याच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणे हा संविधानाच्या १४ व २१ या अनुच्छेदांतून मिळणारा हक्क होय, असे त्यात म्हटले आहे. असा एकत्रित कायदा देशात नाही, याचीही नोंद न्यायालयाने केली. हक्क आहे, पण त्याला धरून ठेवणारा आकडा कायद्यात नाही, अशी आजची स्थिती आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. वचन बंधनकारक व्हायचे, तर तीन गोष्टी हव्यात : मोजता येईल अशी राशी, ठरलेली तारीख आणि जाब देणारा जबाबदार माणूस. आकडा कोणत्या राशीचा असावा, हे ठरवताना वकिलाइतकीच विज्ञानाच्या विद्यार्थ्याचीही गरज आहे.

करून पाहा : शाळेच्या वीजबिलातील गेल्या बारा महिन्यांची युनिटे मिळवा आणि बेरजेला ०.७ ने गुणा. देशातील सर्व साधनांची सरासरी धरता, उत्तर सुमारे तितके किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड येईल. आता 'आमची शाळा वीज वाचवील' हे वाक्य वरील तिन्ही गोष्टी घालून पुन्हा लिहा. कोणती गोष्ट लिहिताना वर्गात सर्वांत जास्त वाद झाला, तेही टिपून ठेवा.