चॅनेल चटकन पकडणारी चिप: काय करावे, काय टाळावे

पाचगणीचे टेबल लँड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. खाली वाईचे खोरे जवळपास सहाशे मीटर खोल. हिशेब केला तर इथून व्हीएचएफ लहरींचे क्षितिज शंभर किलोमीटरवर जाते. हॅम म्हणजे हौशी रेडिओ मंडळींना अशी पठारे आवडतात ती यामुळेच. पण लांबचा क्षीण आवाज येतो त्याच वाटेने एफएम केंद्रे, वायरलेस आणि मोबाइल मनोरे यांचे सिग्नलही एकदम अँटेनावर येऊन पडतात. रेडिओला हव्या त्या चॅनेलवर नेणाऱ्या चिपची, म्हणजे सिंथेसायझरची, खरी परीक्षा इथे होते. त्याच्या लहरीला फेज नॉइजची झालर असेल, तर शेजारचे दणदणीत स्टेशन त्या झालरीत मिसळून आपल्या चॅनेलवर खरखर आणते. लॉक होण्याचा वेग बहुधा याच स्वच्छतेच्या बदल्यात मिळतो, म्हणून दोन्हींचा हिशेब सुरुवातीपासून एकत्र ठेवावा लागतो.

काय करावे

• 'लॉक' कशाला म्हणायचे ते आधी लिहून ठेवावे: वारंवारिता अंतिम मूल्याच्या किती हर्ट्झ जवळ आली म्हणजे झाले? ब्लूटूथ सेकंदाला १,६०० उड्या मारते, दर उडीला ६२५ मायक्रोसेकंद मिळतात आणि स्थिरावणेही त्यातच उरकावे लागते. आपल्या रेडिओला खरोखर इतकी घाई आहे का, हे विचारावे.

• सिंथेसायझरच्या फेज-लॉक लूपची बँडविड्थ वाढवावी, पण तुलनेच्या वारंवारितेच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये. चार्ज पंप ठोक्याठोक्याने काम करतो. त्यामुळे येणारी स्थैर्याची मर्यादा फ्लॉइड गार्डनर यांनी १९८० मध्येच मांडली. १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलसाठी पूर्णांक विभाजक वापरला तर तुलनाही तितक्याच वारंवारितेवर होते, बँडविड्थ सव्वा किलोहर्ट्झच्या आतच राहते, लॉकला काही मिलिसेकंद लागतात. शिवाय १४५ मेगाहर्ट्झला ११,६०० ने भागावे लागते, म्हणजे लूपच्या आतला नॉइज ८१ डेसिबलने फुगतो. अपूर्णांक विभाजकाने ही कोंडी फुटते: तुलना २६ मेगाहर्ट्झवर, बँडविड्थ शंभर किलोहर्ट्झ, लॉक शंभर मायक्रोसेकंदांच्या आत.

• उडीपुरता चार्ज पंपाचा प्रवाह सोळापट करावा आणि त्याच क्षणी फिल्टरचा रोध एक चतुर्थांश करावा. बँडविड्थ चौपट होते, फेज मार्जिन टिकते. पूर्ववत होताना बसणारा धक्का लॉकच्या वेळेत धरावा. तो लपवला की आकडा देखणा दिसतो, रेडिओ मात्र अडखळतो.

• व्हीसीओचे, म्हणजे व्होल्टेजवर चालणाऱ्या आंदोलकाचे, पट्टे एकमेकांवर भरपूर चढलेले ठेवावेत. प्रत्येक उडीला पट्टा नव्याने शोधण्यापेक्षा चॅनेलगणिक पट्ट्याचा कोड मेमरीत साठवावा. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीच्या १८० नॅनोमीटर प्रक्रियेसाठी चिप आखणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही मोकळीक सढळ ठेवावी. कपॅसिटरची मूल्ये कागदाप्रमाणे उतरत नाहीत, आणि सुधारणा करायला चिप बनवण्याची सगळी फेरी पुन्हा करावी लागते.

• पाचगणीचा पावसाळा लक्षात घ्यावा. ढगच घरात शिरतो, बोर्डावर दमट थर बसतो आणि लूप फिल्टरच्या टोकाशी सूक्ष्म गळती सुरू होते. ती भरून काढायला चार्ज पंप दर ठोक्याला टोचतो आणि मुख्य लहरीच्या दोन्ही बाजूंना काटे उगवतात. सोल्डरिंगचा फ्लक्स निगुतीने धुवावा, त्या टोकाभोवती गार्ड रिंग घालावी, वर संरक्षक लेप द्यावा.

काय टाळावे

• अपूर्णांक विभाजक वापरताना पूर्णांकाच्या उंबरठ्यावर बसणे. व्हीसीओ २,३२० मेगाहर्ट्झवर चालवून १६ ने भागले की १४५ मिळतात. स्फटिक २० मेगाहर्ट्झचा असेल तर २,३२० म्हणजे बरोबर ११६ पट. १४५.००१ वर गेलात की १६ किलोहर्ट्झवर काटा येतो, आणि तो लूपच्या बँडविड्थच्या आत असल्याने फिल्टर त्याला हात लावू शकत नाही. २६ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाने सर्वांत जवळची पूर्ण पट २,३१४ वर जाते, तब्बल सहा मेगाहर्ट्झ दूर. नुसत्या स्फटिकाच्या निवडीने एवढे साधते, तरी ती शेवटी करण्याची चूक फार होते.

• लॉकच्या पिनेवर विसंबणे. पिन वर गेली तरी वारंवारिता अजून सरकत असू शकते. वेळेगणिक वारंवारिता मोजावी.

• फिल्टरमध्ये एक्स७आर सिरॅमिक कपॅसिटर. व्होल्टेजबरोबर त्याचे मूल्य बदलते आणि टिचकी मारली तरी तो व्होल्टेज निर्माण करून 'बोलतो'. वाऱ्याने हलणाऱ्या अँटेनाच्या मास्टखाली तर बोलतच राहतो. सी०जी वापरावा.

• पहाटेच्या गारठ्यात निवडलेला पट्टा दुपारच्या उन्हातही पुरेल असे धरून चालणे. बंद ॲल्युमिनियमचा डबा तापतो, व्हीसीओ सरकतो, कंट्रोल व्होल्टेज टोकाला जाऊन लॉक सुटतो. थंड डब्यात लॉक करून, तसाच तापवून पाहावे.

• परवान्याशिवाय प्रक्षेपण. चाचणी डमी लोडवरच करावी. आणि मास्टसाठी पठारात खुंट्या ठोकू नयेत. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. वाळूच्या पिशव्या पुरतात.