विमानतळ ते मुक्काम : प्रवासाचा अखेरचा टप्पा

विमानप्रवास ही एके काळी मोजक्या लोकांची मिरासदारी होती. आज तशी स्थिती राहिलेली नाही. आखाती देशांत नोकरी करणारे कोकणातील तरुण, उपचारासाठी मुंबईस येणारे रुग्ण व त्यांचे नातेवाईक, मुलाखतीस निघालेले विद्यार्थी, दौऱ्यावरील कर्मचारी अशा नाना थरांतील लोक आता विमानाने ये-जा करतात. विमान प्रवाशाला दिल्लीहून दोन-सव्वादोन तासांत मुंबईस आणून सोडते. परंतु त्याला मुक्कामी पोहोचविते ते विमानतळाबाहेरील वाहन. हा अखेरचा टप्पा महाग किंवा अनिश्चित असेल, तर आकाशात वाचलेला वेळ रस्त्यावर खर्ची पडतो. म्हणून शहराशी जोडणारी सार्वजनिक वाहतूक हा विमानतळाचाच एक भाग मानला पाहिजे. मुंबईच्या उदाहरणावरून ही गोष्ट चांगली स्पष्ट होते.

जुहू ते सहार

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणले, ते जुहूच्या धावपट्टीवर. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सांताक्रूझ येथे मोठा तळ झाला व स्वातंत्र्यानंतर नागरी वाहतूक तेथे गेली. १९८१ मध्ये सहार येथे आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी नवी इमारत सुरू झाली आणि २०१४ मध्ये त्याच बाजूस आजचे टर्मिनल २ उभे राहिले. प्रारंभी हा परिसर शहराच्या वेशीबाहेर होता. कालांतराने शहरच त्याच्या चहूबाजूंनी वाढले.

पश्चिम रेल्वेची विलेपार्ले व अंधेरी ही स्थानके येथून जवळ असली, तरी कित्येक दशके रूळ विमानतळापर्यंत पोहोचले नाहीत. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मेट्रो सुरू झाली. तिच्या एका स्थानकास ‘एअरपोर्ट रोड’ असे नाव आहे. परंतु ते रस्त्यावरचे स्थानक होय, विमानतळावरचे नव्हे. खरी जोडणी झाली ती आरे ते कफ परेड या मेट्रो मार्ग ३ मुळे. सुमारे ३३.५ किलोमीटर लांबीचा आणि २७ स्थानकांचा हा मार्ग ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत गेला व ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यावर टर्मिनल १ व टर्मिनल २ यांसाठी स्वतंत्र स्थानके आहेत.

या सोयीचा लाभ केवळ विमानाच्या प्रवाशांना होतो असे नाही. सामान चढविणारे, सफाई करणारे, पहारा देणारे, उपाहारगृहांत राबणारे हजारो कामगार रोज पाळ्यांमध्ये विमानतळावर येतात. प्रवासी वर्षातून एखादे वेळी येईल. कामगाराला हा मार्ग रोजचाच आहे.

साधनांची निवड

मुंबईत उतरणाऱ्यापुढे मुख्यतः पाच साधने असतात : मेट्रो, लोकल, बेस्टची बस, रिक्षा आणि टॅक्सी. प्रत्येकाचे गुण व मर्यादा वेगळ्या आहेत.

मेट्रो मार्ग ३ चे भाडे, पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा, १० ते ७० रुपये होते. रस्त्यावरील कोंडीचा तिच्यावर परिणाम होत नाही. गावाकडे जाणाऱ्यास तिचा विशेष उपयोग आहे. एस. टी.ने जायचे असेल तर मुंबई सेंट्रल, आणि मध्य रेल्वेची लांब पल्ल्याची गाडी पकडायची असेल तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ही दोन्ही स्थानके याच मार्गावर आहेत.

लोकल सर्वांत स्वस्त आहे. परंतु सकाळी चर्चगेटकडे आणि सायंकाळी विरारकडे जाणाऱ्या गाड्यांत मोठी पेटी घेऊन चढणे हे नवख्याने करू नये. बसमध्ये भाडे थोडे, पण वेळ अधिक लागतो. रिक्षा उपनगरांत सोयीची असली, तरी तिला माहीम व शीव यांच्या दक्षिणेस परवानगी नाही. दादर किंवा परळला जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. वृद्ध, रुग्ण अथवा लहान मुले बरोबर असतील तर टॅक्सीच योग्य. विमानतळावरील आगाऊ भाड्याच्या खिडकीवर पैसे भरून पावती घ्यावी व ती मुक्कामी पोहोचल्यावरच चालकाच्या हाती द्यावी. आपण होऊन सामानाला हात घालणाऱ्या अनोळखी इसमाबरोबर जाऊ नये.

नाव एक, जागा दोन

प्रवाशाची फसगत पुष्कळदा नावांमुळे होते. मेट्रोचे दादर स्थानक पश्चिमेस आहे, तर पुण्याकडे जाणाऱ्या एस. टी.च्या गाड्यांचा थांबा पूर्वेस. मध्ये रेल्वेचे रूळ आहेत आणि ते पुलावरून ओलांडावे लागतात. नकाशावर एकच दिसणारे ‘दादर’ सामान वाहणाऱ्याला एक दिसत नाही.

याहून मोठा प्रश्न आता दोन विमानतळांचा आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व त्याच वर्षी डिसेंबरअखेर तेथून उड्डाणे सुरू झाली. जुना विमानतळ व हा नवा यांच्यामध्ये ठाण्याची खाडी आहे. कोकणातून किंवा पुण्याकडून येणाऱ्यास पनवेल जवळ पडते आणि तेथून नवा विमानतळ सोयीचा ठरतो. मात्र तिकिटावरील विमानतळ न पाहता निघालेला प्रवासी चुकीच्या दारी पोहोचला, तर विमान हमखास चुकते. तिकीट हाती येताच विमानतळाचे नाव, टर्मिनलचा क्रमांक आणि वेळ या तीन बाबी वेगळ्या कागदावर लिहून घ्याव्यात.

रात्र आणि पावसाळा

परदेशातील अनेक विमाने मध्यरात्रीनंतर येतात. त्या वेळी मेट्रो बंद असते आणि लोकलही काही तास विश्रांती घेते. अशा वेळी पहाटेपर्यंत विमानतळावरच थांबणे हे पुष्कळदा स्वस्त व सुरक्षित असते. पावसाळ्यात अंधेरीच्या भुयारी रस्त्यात पाणी साचून पूर्व-पश्चिम वाहतूक थांबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. विमानतळ, लोकल व रस्ते सारेच ठप्प झाले. एकाच साधनावर विसंबणाऱ्या शहराचे संकटकाळी किती हाल होतात, याचा तो धडा होता.

नागपूर व पुणे

नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली व तिच्यावर विमानतळ स्थानक आहे. पण ते वर्धा मार्गावर असून टर्मिनलपर्यंतचे उरलेले अंतर वेगळे कापावे लागते. पुण्यात मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत पोहोचली. लोहगावचा विमानतळ तेथून काही किलोमीटरच दूर आहे. तरीही हातात सामान असलेल्याला ते काही किलोमीटरच अवघड वाटतात. कोट्यवधी रुपयांचा मार्ग उभा राहतो. पण अखेरच्या तुकड्यासाठी नियमित बस नसेल, तर प्रवासी पुन्हा खासगी वाहनाकडेच वळतो.

आपले काम

यासाठी लागणारे उपाय फारसे खर्चाचे नाहीत. विमानांच्या वेळांशी जुळणारी जोडबस, ठळक मराठी अक्षरांतील फलक, भाड्याचे दरपत्रक आणि चढउताराशिवाय सामान नेता येईल अशी वाट, एवढ्याने निम्मी अडचण दूर होईल. संबंधित अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी हातात सामान घेऊन, सरकारी वाहनाशिवाय, हा मार्ग स्वतः चालून पाहावा. शिक्षकांनी भूगोलाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून आपल्या गावापासून विमानतळापर्यंतचा मार्ग, भाडे व वेळ यांचा तक्ता करून घ्यावा. ग्रामपंचायतीने तो तक्ता फलकावर लावावा व भाडे अथवा वेळ बदलताच दुरुस्त करावा.

गावातील एखादी माता परदेशातून येणाऱ्या मुलाला घ्यायला प्रथमच विमानतळावर जाते, तेव्हा तिला कोणाचीही मनधरणी न करता, नेमक्या भाड्यात आणि निर्भयपणे तेथे पोहोचता आले पाहिजे. विमानतळाच्या सोयीची खरी परीक्षा तीच होय.