टेली की स्ट्रॅट? कानाचा प्रश्न आणि हाताचा प्रश्न

गॅदरिंगला तीन आठवडे उरले होते आणि आमच्या बँडचा गिटारवाला चक्क गिटार विकायला निघाला होता. त्याच्याकडे स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराची एक स्वस्तातली गिटार आहे. एका सिनियरकडे टेलिकास्टरच्या आकाराची, त्याच कंपनीची आणि जवळपास त्याच किमतीची गिटार होती. "माझीचा टोन पातळ आहे, कानाला टोचतो. टेली कशी भरदार वाजते बघ!" असं त्याचं म्हणणं. वरचे पैसे द्यायला त्याने मेसचे दोन महिन्यांचे पैसे बाजूला काढले होते. म्हणजे दोन महिने वडापाव.

मी बँडमध्ये कीबोर्ड वाजवते. खरं सांगायचं तर मला दोन्ही गिटारी सारख्याच वाटायच्या, पण हे मी कुणाला बोलले नव्हते. तरी म्हटलं, विकण्याआधी एकदा नीट तपासून तरी बघू. लॅबमध्ये आपण काय करतो? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. मग गिटारला वेगळा न्याय कशाला? सारख्या दिसणाऱ्या दोन इलेक्ट्रिक गिटारींची तुलना कशी करायची, याबद्दल त्या तीन आठवड्यांत जे कळलं ते इथे लिहिते आहे. गिटार न वाजवणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. यातलं अर्धं तर आपल्या सिलॅबसमध्येच आहे.

आधी थोडा इतिहास

या दोन्ही गिटारी मूळच्या अमेरिकेतल्या, कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडर यांच्या कारखान्यातल्या. फेंडर रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! 1950 साली त्यांनी दोन पिकअपची ब्रॉडकास्टर काढली. पण त्याच उच्चाराच्या नावाचे ड्रम ग्रेच कंपनी आधीपासून विकत होती, म्हणून 1951 मध्ये गिटारचं नाव बदलून टेलिकास्टर ठेवलं. तिची बॉडी म्हणजे सरळ फळी. काठ हाताला आणि बरगड्यांना टोचतो, अशी वादकांची तक्रार. म्हणून 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरला मागून आणि पुढून उतार दिला, तिसरा पिकअप बसवला आणि स्वर हलवायला ट्रेमोलोची दांडी दिली. म्हणजे स्ट्रॅट हे टेलीच्या तक्रारींना दिलेलं उत्तर. गंमत अशी, की उत्तर मिळाल्यावरही टेली बंद पडली नाही. दोन्ही आजही बनतात.

हीच जोडी का?

कारण दोघींत सारखेपणा खूप आहे. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची मोकळी लांबी, म्हणजे स्केल, दोघींची 25.5 इंच, साधारण 648 मिलिमीटर. दोघींचा नेक स्क्रूने बसवलेला. दोघींचे पिकअप सिंगल कॉइल. स्ट्रॅटची तुलना गिब्सनच्या लेस पॉलशी केली, तर स्केल, पिकअप, नेकचा जोड सगळंच बदलतं आणि फरक कशामुळे पडला ते कळतच नाही.

एकट्या स्केलचंच बघा. तारेचा ताण T = 4L²f²μ. स्वर आणि तार तीच असेल तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. लेस पॉलचं स्केल 24.75 इंच धरलं, तर फेंडरवर ताण सुमारे 6 टक्के जास्त येतो. 0.010 इंचाची सर्वांत पातळ तार 329.6 हर्ट्झला लावली, तर फेंडरवर ताण साधारण 72.5 न्यूटन आणि लेस पॉलवर 68 न्यूटनच्या आसपास. हा फरक बोटाला कळतो. टेली आणि स्ट्रॅटमध्ये, तारा एकाच मापाच्या असतील तर, हा फरक शून्य. तेव्हा पहिलं काम केलं ते हे, की दोन्हींना एकाच मापाच्या नव्या तारा चढवल्या. सिनियरच्या तारा सहा महिने जुन्या आणि गंजलेल्या होत्या. तशाच ठेवल्या असत्या तर तुलना तारांचीच झाली असती.

टोन म्हणजे नक्की काय?

एक तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट फ्रीक्वेन्सीचे स्वरही वाजतात. यांना हार्मोनिक्स म्हणतात. कुठला हार्मोनिक किती जोरात, यावर टोन ठरतो. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर स्वर बदलत नाही, वरच्या हार्मोनिक्सचं मिश्रण बदलतो. तसंच हे.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे मिश्रण तीन ठिकाणी ठरतं.

पहिलं, पिकअपची जागा. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती हजारो वेढ्यांची बारीक तार. वर लोखंडी तार हलली की कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं, म्हणजे आपला फॅरडेचा नियम. पण पिकअप फक्त त्याच्या वरचा तारेचा तुकडा "ऐकतो". स्ट्रॅटचा नेकजवळचा पिकअप ब्रिजपासून स्केलच्या साधारण पाव अंतरावर येतो. मोकळ्या तारेच्या चौथ्या हार्मोनिकचा नोड बरोबर तिथेच असतो, म्हणून तो हार्मोनिक तिथे जवळजवळ ऐकूच येत नाही. ब्रिजजवळ मूळ स्वराची हालचाल लहान, त्यामुळे वरचे हार्मोनिक्स पुढे येतात आणि आवाज धारदार होतो.

दुसरं, पिकअपचं सर्किट. कॉइलला इंडक्टन्स असतो, केबलला कपॅसिटन्स असतो. दोन्ही मिळून रेझोनन्स होतो आणि त्याच्या वरच्या फ्रीक्वेन्सी गळून पडतात. स्ट्रॅट पिकअपचा इंडक्टन्स 2.4 हेन्री आणि केबलसकट कपॅसिटन्स 600 पिकोफॅरड धरा. रेझोनन्स येतो सुमारे 4200 हर्ट्झला. केबल आखूड करून कपॅसिटन्स 400 वर आणा, तो जातो 5100 हर्ट्झच्या वर! म्हणजे नुसती केबल बदलली तरी टोन बदलतो. आमचा गिटारवाला स्वतःची गिटार आखूड केबलने वाजवायचा आणि सिनियरची लांब केबलने. "टोचणाऱ्या" टोनचं अर्धं रहस्य तिथेच उलगडलं.

तिसरं, पिकअपची उंची. तारेच्या जवळ आणला की आवाज मोठा होतो. फार जवळ आणला तर चुंबकच तारेला ओढतो आणि स्वर बेसूर, डळमळीत वाटतो. स्ट्रॅटवर हा त्रास इतका ओळखीचा, की त्याला गमतीने "स्ट्रॅटायटिस" म्हणतात. औषध एकच, स्क्रूड्रायव्हर. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि पिकअपमध्ये दोन ते अडीच मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी.

आणि लाकूड? त्यावर लोक तासन् तास भांडतात. पण पिकअप लाकूड ऐकत नाही, लोखंडी तार ऐकतो. वरच्या तीन गोष्टी सारख्या केल्याशिवाय लाकडाबद्दल बोलण्यात अर्थ नाही, एवढंच मी म्हणेन.

मग खरा फरक कुठे?

टेलीचा ब्रिजजवळचा पिकअप वेगळ्या घडणीचा असतो. कॉइल रुंद, वेढे साधारणपणे जास्त, खाली धातूची पट्टी, आणि तो बसवलेला असतो थेट ब्रिजच्या पोलादी प्लेटमध्ये. त्यामुळे त्याचा टोन धारदार असूनही पोकळ वाटत नाही. स्ट्रॅटचा पिकअप प्लॅस्टिकच्या पत्र्यावर टांगलेला असतो. त्यात जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपला टोनचं बटणच जोडलेलं नसतं! दोन टोन बटणं आहेत, पण ती बाकीच्या दोन पिकअपची. टेलीवर एकच बटण सगळ्यांना लागू.

उलट स्ट्रॅटकडे मधला पिकअप आहे. सुरुवातीला स्विच तीनच जागांचा होता. वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायचे. 1977 पासून कंपनीने पाच जागांचा स्विच द्यायला सुरुवात केली. तो पाणीदार, किणकिणता आवाज टेलीवर मिळत नाही.

आमचा प्रयोग

कँटीनमागच्या प्रॅक्टिस रूममध्ये एकच अँप, एकच केबल, एकच पिक. आवाजाची पातळी सारखी करणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण जे जरा मोठ्याने वाजतं ते आपल्याला "चांगलं" वाटतं. पण पातळी गिटारच्या बटणाने कमी करू नका. त्याने वरचे स्वरही मऊ होतात आणि प्रयोग बिघडतो. आम्ही रेकॉर्डिंग करून पातळी कॉम्प्युटरवर जुळवली. मग क्रम पिसून बारा तुकडे ऐकवले. नुसत्या अंदाजाने बारापैकी दहा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता सुमारे 2 टक्केच असते, तेव्हा तेवढं आलं तर कान खरे.

निरीक्षणं अशी. ब्रिज पिकअप, साफ आवाज: जवळजवळ सगळ्यांनी ओळखलं. मीसुद्धा! नेक पिकअप: बरेच चुकले. डिस्टॉर्शन चालू केल्यावर तर निव्वळ छापा-काटा. डिस्टॉर्शन स्वतःचे इतके हार्मोनिक्स घालतं, की मूळ फरक त्यात बुडून जातो. लेस पॉलसाठी प्रसिद्ध असलेल्या जिमी पेजने 1971 च्या "स्टेअरवे टू हेवन"मधला सोलो टेलिकास्टरवर वाजवला होता. अनेकांना ते ऐकून पटत नाही, कारण आपण डोळ्यांनी ऐकतो.

यानंतर आमच्या गिटारवाल्याच्या डोळ्यांना रुमाल बांधला आणि गिटार हातात दिली. त्याने तार छेडायच्या आधीच ओळखली! उजव्या हाताला काठ लागला की टेली, उतार लागला की स्ट्रॅट. बेंड करताना तर फरक फारच. टेलीच्या तारा बॉडीतून येतात, ब्रिज हलत नाही. स्ट्रॅटचा ब्रिज स्प्रिंगांवर तरंगतो. एक तार ताणली की ब्रिज किंचित पुढे झुकतो, बाकीच्या तारा उतरतात आणि हव्या त्या स्वराला पोचायला जास्त ढकलावं लागतं.

आणि आता खरी गोष्ट. त्याचं रेकॉर्डिंग स्क्रीनवर बघितलं तर टेलीवर प्रत्येक स्वराची सुरुवातीची उडी मोठी होती. वाटलं, पिकअपचीच करामत. पण सिनियरने दोन्ही वाजवल्या तेव्हा उड्यांत एवढा फरक नव्हता. म्हणजे आमचा गडी टेलीवर जास्त जोरात वाजवत होता! हाताला गिटार घट्ट वाटली, भरवसा आला, हात मोकळा सुटला. आपल्या स्ट्रॅटवर तो घाबरत, चोरून वाजवायचा. तो ज्याला टेलीचा भरदार टोन म्हणत होता, त्यातला बराचसा त्याच्याच उजव्या हाताचा होता. हे ऐकल्यावर तो पाच मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी स्वतःलाच विकत घ्यायला निघालो होतो."

मग केलं काय?

फार काही नाही. लांब केबल वापरली. ब्रिज पिकअप थोडा खाली केला. सोल्डरिंग आयर्न घेऊन स्विचवर एक छोटी वायर जोडली आणि टोनचं बटण ब्रिज पिकअपला मिळवून दिलं. मागचं झाकण उघडून स्प्रिंगा घट्ट केल्या आणि ट्रेमोलोच्या ब्लॉकमागे लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज स्थिर केला. तुकडा फर्स्ट इयरच्या कार्पेंट्रीच्या जॉबमधला, कधीतरी कामाला आला! ट्रेमोलो गेला, पण तो तसाही वापरत नव्हता. एकूण खर्च एका वडापावाच्या आसपास.

टेलीचा तो मोकळ्या तारेवरचा पोलादी टणत्कार आला का? नाही. तो पिकअप आणि ती प्लेट नसताना तो येणार नाही, हेही तितकंच खरं. कधीतरी टेली घेणारच, असं तो अजून म्हणतो. पण आता कशासाठी घ्यायची ते त्याला माहीत आहे.

तुम्हीही गिटार घ्यायला निघालात तर एवढं करा:

1. दोन्हींना एकाच मापाच्या नव्या तारा, एकच केबल, एकच अँप.
2. पिकअपची उंची मोजून सारखी करा.
3. आवाजाची पातळी जुळवा, पण गिटारच्या बटणाने नाही.
4. आधी स्वतः न वाजवता, पाठ करून ऐका. हा कानाचा प्रश्न.
5. मग डोळे मिटून अर्धा तास वाजवा. हा हाताचा प्रश्न.
6. दोन्ही उत्तरं वेगवेगळी लिहा. एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यावर टाकू नका.

श्रोत्याला टोन ऐकू येतो, वाजवणाऱ्याला गिटार हाताला लागते, आणि हाताला जे लागतं ते शेवटी टोनमध्येच उतरतं. म्हणून हाताचा प्रश्न कमी महत्त्वाचा नाही, फक्त तो वेगळा आहे.

गॅदरिंगला तो त्याच जुन्या गिटारवर वाजला, हात सोडून. आणि मेसचे पैसे? ते मेसमध्येच गेले. डाळ मात्र होती तशीच पातळ. तिच्यावर अजून प्रयोग व्हायचा आहे!